अर्धी वाटी भात

माझ्या फोनमध्ये एक शीट होती. नाव ‘मालवण – बाबा’. पहिल्या रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात प्रमाण, तिसऱ्यात कॅलरी, चौथ्यात कार्ब्स. घावन एक, बांगडा एक, सोलकढी एक वाटी, भात शून्य. त्या शून्याला मी लाल रंग दिला होता. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रश्न रकान्यांत बसवला की निम्मा सुटला, असं मला वाटतं.

ती शीट दीड दिवस टिकली.

आमचं गाव चिंचपाडा. जिल्हा नंदुरबार, तालुका नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरचं छोटं स्टेशन, जिथून बऱ्याच एक्स्प्रेस न थांबता पुढे जातात. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, भजी, वडापाव. मेनू कार्ड हातात घेऊन जेवायचं तर नवापूर, नाहीतर सुरत. बारावीपर्यंत मी तसा किती वेळा जेवलो ते बोटांवर मोजता येईल, आणि त्यातली प्रत्येक वेळ मला आठवते. बाबा प्रत्येक वेळी शेवटी ताट पाण्यानं धुतल्यासारखं स्वच्छ करायचे.

बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते. तीसहून जास्त वर्षं रुळांवरून चालले, हातात हातोडा आणि पाठीवर डबा. रिटायर झाल्यावर म्हणाले, ‘पासवर एकदा कोकणात जाऊ.’ त्यांचं कारण वेगळं होतं. आम्ही कोकणा आदिवासी. आमची घरातली बोलीही कोकणीच, पण ती गोव्याची नाही आणि मालवणीही नाही. समाजातली जुनी माणसं सांगतात की आपले पूर्वज कोकणातून वर आले. ‘आपण कोकणी म्हणवतो आणि कोकण पाहिलं नाही,’ एवढंच बाबांचं म्हणणं.

अडचण साखरेची होती. दोन वर्षांपूर्वी बाबांचं एचबीए१सी नऊच्या वर निघालं. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो, ६.५ आणि त्यावर गेला की मधुमेह धरतात. गोळ्या सुरू झाल्या. एक मेटफॉर्मिन, आणि दुसरी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायची ग्लिमेपिराइड. डॉक्टरांनी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या : कमी खा आणि वेळेवर खा. मी पहिलीच ऐकली.

जानेवारीत मी सुट्टी टाकून गावी गेलो. चिंचपाड्याहून पॅसेंजरनं सुरत, तिथून गाडी बदलून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे एसटीनं मालवण. आई, बाबा आणि मी. एका घरगुती लॉजवर खोली घेतली.

पहिल्या दुपारी थाळी मागवली. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, माशाची आमटी, तांदळाच्या भाकऱ्या, भाताची मूद, सोलकढी, वर पापड आणि कसलीतरी गोड वाटी. भाकरी पाहून बाबा हसले. आमच्याकडे भात पिकतो, तांदळाची भाकरी घरी होते. ‘बघ, इथूनच गेलो आपण,’ ते आईला म्हणाले. मग त्यांनी सगळं खाल्लं. भात हवा तितका मिळत होता, म्हणून दोनदा घेतला. गोड वाटी त्यांना आवडली नव्हती. तीही संपवली.

रात्री त्यांना झोप लागेना. पोट जड, घसा कोरडा. मीटरवर २८६ आले. मी लॉजच्या ओसरीत बसून दुसऱ्या दिवसाची शीट भरली.

सकाळी बाबांनी गोळ्या घेतल्या आणि माझ्या हिशेबाप्रमाणे एक घावन खाल्लं. दुसऱ्यासाठी हात पुढे गेला तेव्हा मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. हात मागे आला. आई काही बोलली नाही, पण तिनंही दुसरं घावन घेतलं नाही. मी तीन खाल्ली.

मग जेट्टीवरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी पाया घातलेला हा किल्ला आतून चांगलाच पसरलेला आहे. महाद्वार, शिवराजेश्वराचं मंदिर, मग तटावरून चालणं. बाबा पुढे. रुळांवर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना चालण्याचं काय? साडेबाराच्या सुमारास ते थांबले. आधी वाटलं, समुद्र बघताहेत. जवळ गेलो तर शर्ट घामानं ओला, हात थरथरत होते. ‘चक्कर येतेय का?’ विचारलं तर माझ्यावर ओरडले. बाबा कधीच ओरडत नाहीत.

मीटर पिशवीत होतं. ५८.

सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली, आणि हे उतरणं चढण्यापेक्षा जास्त घाईचं असतं. ग्लिमेपिराइड शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही किती खाल्लंय ते तिला माहीत नसतं. गोळी पूर्ण, खाणं अर्धं आणि वर दोन तास चाल. माझ्या शीटमध्ये गोळीचा रकानाच नव्हता.

आई पळत जाऊन कोकम सरबताचा ग्लास घेऊन आली. आदल्या रात्री मी ज्याच्यापुढे ‘अजिबात नाही’ लिहिलं होतं, तेच गोड सरबत. बाबांनी ते हळूहळू प्यायलं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून देतात, १५ मिनिटं थांबतात आणि पुन्हा मोजतात. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. ती १५ मिनिटं मी नुसता घड्याळाकडे बघत होतो. मग ८४ आले. आईनं पिशवीतून बिस्किटं काढली.

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आम्ही सावलीत बसलो असताना शेजारून एक गाइड पर्यटकांना ही नावं मोठ्यानं सांगत गेला. ‘साखरबाव’ ऐकून आई फिस्सकन हसली. मग रडली.

बाबा बऱ्याच वेळानं बोलले. आवाज चढलेला नव्हता.

‘आम्ही लहान असताना तुझे आजी-आजोबा बारडोलीकडे ऊसतोडीला जायचे. मीही जायचो. पडावावर खावटीची ज्वारी मिळायची, मोजून. नंतर ती हिशेबातून कापायचे. मुकादम मापापाशी उभा राहायचा. आई त्याच्या हाताकडे बघत असायची. काल रात्रीपासून तू तसा उभा आहेस माझ्या ताटापाशी.’

मग त्यांनी विचारलं, ‘आणि तुझ्या ताटाची शीट कुठाय?’

ती नव्हती. आमच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ५.९ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यांत सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. बाबा पहिल्या आकड्यात, मी दुसऱ्या. तो रिपोर्ट मी घरी दाखवला नव्हता. तिथे, किल्ल्यात बसून सांगितला. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तीन घावनं खाल्लीस सकाळी.’

होडीतून परतल्यावर बाबांना आधी भाकरी आणि आमटी जेवू घातली, मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळीच्या दिवशी नाश्ता चुकवायचा नाही, जेवण लांबवायचं नाही, चालायचं असेल तर सोबत काहीतरी हवं. खाणं बरंच कमी करायचं ठरवलं तर आधी मला विचारा, गोळी बदलावी लागते. हे इथे मुद्दाम लिहितोय. घरात कुणी अशी गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल, तर त्यांचं ताट स्वतःच्या मनानं लहान करू नका.

संध्याकाळी ठरवायचं काम बाबांनी हातात घेतलं.

इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला असतो : हॉटेलात निम्मं खा, निम्मं ताटात सोडा. मोजून मिळालेल्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. बाबांना ताटात टाकणं जमणार नाही. जमावं असंही मला आता वाटत नाही. पण त्यांचा नियम नीट ऐकला तर तो ताटात आलेल्या अन्नापुरता आहे. जे ताटात आलंच नाही, ते संपवायची जबाबदारी त्यांच्यावर नाही. म्हणजे जे काही करायचं ते ताट येण्याआधी.

हे नुसतं आमच्या घरातलं खूळ नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी चीज घातलेल्या मॅकरोनीचं लहान-मोठं वाढप दिलं, ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत. सगळ्यात मोठं वाढप समोर आलं त्या दिवशी लोकांनी लहान वाढपापेक्षा ३० टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. पुढ्यात जास्त आलं की जास्त खाल्लं जातं. त्यांच्यापैकी कुणी बारडोलीला गेलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी आम्ही थाळी घेतली नाही. बऱ्याच थाळीच्या हॉटेलांत ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ अशी पाटीच असते, त्यामुळे तो वादही नको होता. सुटे पदार्थ मागवले, तेही एकेक करून. बाबांना विचारलं, ‘तुम्हाला खरंच काय खायचंय?’ त्यांनी विचार केला. ‘सुरमई. आणि ती भाकरी.’ आईला तिसऱ्या हव्या होत्या. मला सोलकढी. पापड कुणालाच नको होता. तो चिंचपाड्यातही मिळतो. गोड वाटीचं कुणी नावही काढलं नाही.

सुरमईच्या दोन तुकड्या आल्या, तिघांनी वाटून घेतल्या. पुढचं मागवायचं की नाही हे त्या संपल्यावर ठरवलं. मध्ये दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत बाबांनी मालवणच्या मसाल्यात काय असेल यावर आईशी वाद घातला. आदल्या दिवशीच्या थाळीबद्दल ते एक वाक्यही बोलले नव्हते. तेव्हा ते फक्त काम संपवत होते.

कुठल्याही पदार्थाची खरी मजा पहिल्या काही घासांत असते. मग जीभ त्या चवीला सरावते, आणि पुढचं आपण सवयीनं किंवा पैसे दिलेत म्हणून खातो. तीन माणसांत तीन पदार्थ आले की प्रत्येकाला तिन्हींचे पहिले घास मिळतात. आमच्या टेबलावर कुणी कमी खाल्ल्यासारखं दिसत नव्हतं. मी स्वतः दीड भाकरीवर थांबलो, आणि ते माझ्या लक्षात आलं बिल देताना.

तिसऱ्या दिवशी खापरोळ्या खाल्ल्या. तांदळाच्या जाळीदार खापरोळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून देतात. एक प्लेट, तीन चमचे. बाबांनी दोन घास घेतले, डोळे मिटले आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. मी पाहिलंही नाही किती उरलंय. आई रोज स्टीलचा डबा घेऊन येत होती. उरलेली भाकरी त्यात जायची आणि दुसऱ्या सकाळच्या चहाबरोबर संपायची. माशाचं कालवण मात्र ती घेत नसे. लॉजवर फ्रिज नव्हता, आणि उन्हात ठेवलेला मासा कुणाचं ऐकत नाही. जेवण झालं की चिवला बीचवर शतपावली. बाबांची शतपावली दोन किलोमीटरची असायची.

शेवटच्या दुपारी एका खाणावळीत गेलो. तिथे थाळीच होती, दुसरं काही नव्हतं. मी काही बोलायच्या आत वाढणाऱ्या मावशींनी बाबांच्या ताटात भाताची मोठी मूद ठेवली. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो.

‘ताई,’ बाबा म्हणाले, ‘यातली अर्धी वाटी ठेवा, बाकीचा काढून घ्या. हात लावलेला नाही, उष्टा नाही. लागला तर मागतो.’

मावशींनी भात काढून घेतला. ‘आमच्या ह्यांनापण शुगर आहे,’ त्या म्हणाल्या आणि न मागता माशाची आणखी एक तुकडी ठेवून गेल्या. बाबांनी ती मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली.

परत येताना नातेवाइकांसाठी मालवणी खाजा घेतला. चिंचपाड्याला उतरलो तेव्हा पहाट होती. घरी सामान ठेवतोय तोच शेजारचे काका चहाला आले. बाबांनी त्यांना कोकण सांगायला सुरुवात केली. किल्ला दोन मिनिटांत आटोपला, त्यातही चक्कर गाळून. मग सुरमई, तिसऱ्या, खापरोळ्या, ती आपल्यासारखी भाकरी, तो मसाला. अर्धा तास झाला तरी जेवणच चाललं होतं.

किती खाल्लं, हे काकांनी एकदाही विचारलं नाही.