मातीच्या भिंतीवरचा चरखा

वर्ध्याला कुणाच्या लग्नाला गेलात, तर आठ किलोमीटरवरचं सेवाग्राम पाहून याच. गांधीजी १९३६ साली या गावी आले. तिथली बापूकुटी मुळात मीराबेनची. मातीच्या भिंतीवर त्यांनी मातीचाच उठाव देऊन ताडाची झाडं अन् चरखा काढलाय. ना चौकट, ना काच! बसायला खुर्ची नाही, जमिनीवर बैठक.

आणि आपला दिवाणखाना? चारी भिंतींवर तसबिरी अन् कॅलेंडरं विखुरलेली, खुर्च्या दवाखान्यातल्यासारख्या रांगेत. पाहुणे बोलणार कसे? तसबिरी एकाच भिंतीवर जवळजवळ, बसल्यावर दिसतील अशा बेतानं लावा. त्याच कोपऱ्यात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा. बाकीचे खिळे उपटाच, सासूबाई कुरकुरल्या तरी. त्यांचं देवाचं कॅलेंडर तेवढं राहू द्या बाई!