किल्ली

आमचे दादा शिरूरला राहतात. मी दौंडला मराठी शिकवतो. दर शनिवारी एस. टी.ने त्यांच्याकडे जायचे आणि जाताना चार उपदेश बरोबर न्यायचे, हा माझा परिपाठ. मास्तरकी एकदा अंगात मुरली की ती बापालाही सोडत नाही!

तीन वर्षांपूर्वी असाच एक उपदेश मी केला. दादांना तेव्हा त्र्याहत्तरावे लागले होते. रोज सकाळी सायकलवर टांग मारून ते घोडनदीच्या पुलापर्यंत जात नि येताना भाजी आणीत. "या वयात पडलात म्हणजे?" असे म्हणून मी सायकलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकून दौंडला आलो. मोठे कर्तव्य केल्यासारखे वाटले!

दादा काही बोलले नाहीत. आधी नदी सुटली, मग बाजार सुटला. उरली खुर्ची नि वर्तमानपत्र. पुढच्याच वर्षी ते पडले. कुठे? न्हाणीघराच्या उंबऱ्याशी! मनगट मोडले, खुबा वाचला हे नशीब.

डॉक्टर म्हणाले, "रस्त्यावरचं पडणं टाळलंत खरं, पण पायांतला जोर नि तोल दोन्ही घालवलेत."

मग मी वाचू लागलो. पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. त्याआधी, २०१९ साली, अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. मी मात्र व्यायामालाच कुलूप घातले होते.

प्लास्टर निघाल्यावर दादांनी सुरुवात केली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे. ओट्याला धरून एका पायावर उभे राहून दहा आकडे मोजायचे. दोन महिन्यांनी मी किल्ली पुढे केली. ते म्हणाले, "आधी हवा भर. तूर्त हातात धरूनच चालेन." आता पुन्हा पुलापर्यंत जातात. वाट मोकळी दिसली की टांग मारतात, असे शेजारी सांगतात. मी विचारीत नाही.

गेल्या शनिवारी दादा म्हणाले, "आता तू उभा राहा बघू, एका पायावर. न धरता." सातव्या आकड्याला मी ओटा धरला.

दादांनी चष्म्यावरून पाहिले. "दौंडला सायकल मिळते ना रे?"