पेशव्यांचा गणपती रंगमहाल आणि खाशा भेटीची जागा

शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल नानासाहेब पेशव्यांनी 1755 च्या सुमारास बांधून घेतला. वाडा त्याआधीचा. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, त्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत केली. तेव्हाचा खर्च 16,110 रुपये नोंदलेला आहे. नानासाहेबांच्या काळात मराठी राज्याचा कारभार पुण्यातून चालू लागला. वकील, सरदार, सावकार यांची ये-जा वाढली आणि राहत्या वाड्याला दरबाराचे दालन जोडणे भाग पडले.

उत्तरेकडच्या बादशाही राजवाड्यांत जनतेसाठी दिवाण-ए-आम आणि निवडक लोकांसाठी दिवाण-ए-खास अशा दोन स्वतंत्र इमारती असत. दिल्लीच्या लाल किल्ल्यातला शाहजहानचा दिवाण-ए-खास संगमरवरी असून त्याचे छत चांदीने मढवलेले होते. पुण्याचा त्याच्याशी थेट संबंध आला तो 1760 मध्ये. दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर फौजेच्या खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. आपल्याकडे खासगी मसलतीच्या जागेला खलबतखाना म्हणत. रायगडावर राजवाड्याच्या भागात आजही एक तळघर खलबतखाना म्हणून दाखवले जाते.

पेशव्यांच्या वाड्यात खाशा भेटीसाठी अशी वेगळी इमारत नव्हती. सणाला, दरबाराला, नाचगाण्याला आणि वकिलाच्या भेटीला दिवाणखानाच वापरात येई. सवाई माधवरावांच्या काळात गणेशोत्सवही गणपती रंगमहालातच थाटाने होत असे. मग खाशी भेट खाशी राहायची कशी? याचे उत्तर दालनापेक्षा दालनापर्यंतच्या वाटेत आहे, आणि मला तरी ते वाडा पायी फिरल्यावरच नीट कळले.

वाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लांब अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. एरवी माणसांची ये-जा उजव्या फळीतल्या लहान दिंडीतून होई आणि तिथून आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागे. आत गेल्यावर वाट सरळ न जाता आधी उजवीकडे वळते, मग डावीकडे. वर नगारखाना. त्या वळणावर मी थांबून मागे पाहिले, तर दरवाजाबाहेरचे पटांगण दिसेनासे झाले होते आणि पुढचा वाडाही अजून नजरेत आला नव्हता. हे वळण हल्ला मोडण्यासाठी आहे हे खरेच, पण शांततेच्या दिवसांत येणाऱ्याला थोपवून, पारखून घेण्याचे कामही तिथेच होत असणार. त्यापुढे एकामागून एक चौक होते. कोण कुठल्या चौकापर्यंत येऊ शकतो यावर त्याचा मान ठरे. वरच्या मजल्यावर नेणारे जिने वाड्यांतून बहुधा भिंतीच्या जाडीतच काढलेले असत. अशा अरुंद, काळोख्या जिन्याने एका वेळी एकच माणूस चढू शकतो, आणि वर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तो आधी दिसतो.

दिवाणखान्याची रचना लाकडाची. मधला भाग मोकळा, त्याच्या कडेने सागवानी खांबांच्या रांगा. खांब तळाशी भरीव आणि वर निमुळते होत गेलेले, म्हणून त्यांना सुरूचे खांब म्हणतात. दोन खांबांमध्ये कोरीव महिरप, वर तक्तपोशी, छताला हंड्या-झुंबरे. बसायला खुर्च्या नसत, जमिनीवर बिछायत असे. यजमानाची गादी, तिच्यामागे लोड, बाजूला तक्के. गादीपासून कोण किती अंतरावर बसतो हे आधी ठरलेले असे. खांबांच्या रांगांमध्ये पडदे सोडले की मोठ्या दालनातच एक आटोपशीर खोली तयार होई, आणि पडदे गुंडाळले की पुन्हा दरबार भरवता येई. अत्तर-गुलाब आणि विडा दिला की भेट संपली असे समजायचे. निरोप घ्या असे कुणाला तोंडाने सांगावे लागत नसे.

गणपती रंगमहालाचे रूप आज पाहायचे तर लंडनच्या टेट संग्रहालयातले एक मोठे तैलचित्र आहे. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे यांची जी युती झाली, तिचा 1790 चा तह ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात सादर करतो, हा त्याचा विषय. नाना फडणवीसही चित्रात आहेत. चित्राची आखणी जेम्स वेल्स या चित्रकाराने केली. तो पुण्यात आला तो प्रसंगानंतर, आणि 1795 मध्ये वारला. मग टॉमस डॅनियलने त्याच्या रेखाटनांवरून 1805 मध्ये ते पुरे केले. म्हणून त्यातला प्रसंग चित्रकाराने जुळवलेला आहे हे धरूनच चालावे. वेल्सने इथली माणसे मात्र समोर बसवून रेखाटली होती.

एवढ्या उंबऱ्यांनी परका माणूस अडवला जाई. घरातलेच फुटले तर हेच उंबरे निकामी ठरत. 30 ऑगस्ट 1773 रोजी पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले आणि त्यांनी नारायणराव पेशव्यांचा आतल्या दालनांत पाठलाग करून खून केला. ते पेशव्यांच्याच चाकरीतले. गणपती रंगमहालाशी दुसरी दुःखद घटना जोडलेली आहे ती 25 ऑक्टोबर 1795 ची. सवाई माधवराव त्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. वाड्यात गेल्यावर लोक नारायणरावांची गोष्ट एकमेकांना सांगतात, या मुलाची फारशी कुणी सांगत नाही, आणि ते मला फार लागते.

27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. लाकडाचे होते ते सगळे गेले. दगडी तट, बुरूज, दरवाजे, चौथरे आणि कारंजी तेवढी उरली. दिल्लीचा दिवाण-ए-खास चांदी जाऊनही दगडामुळे उभा आहे, पुण्याच्या रंगमहालाचे खांब, महिरपी, तक्तपोशी यांतले काहीच उरले नाही. चौथऱ्यावर उभे राहून दालनाची लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही, आणि दिवाणखान्याची शान तर उंचीतच असते.

ती पाहायला विश्रामबागवाड्यात जावे लागते. दुसऱ्या बाजीरावांनी तो 1807 च्या सुमारास बांधला. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, 1879 मध्ये त्याचाही काही भाग जळाला, पुढे पुणे नगरपालिकेचे कामकाज तिथून चालले. इतके हात फिरूनही सुरूच्या खांबांची दर्शनी माडी टिकली आहे. रंगमहालाच्या तुलनेत ती उशिराची आहे, पण लाकडी महिरपींखालून पडदे सोडले तर जागा कशी विभागली जाईल, हे तिथे डोळ्यांना दिसते.

शनिवारवाडा पाहून परत फिरणाऱ्यांनी बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाड्यापर्यंत जरूर चालत जावे. अंतर साधारण एक किलोमीटर आहे. आधी चौथरा आणि मग माडी, याच क्रमाने पाहावे.