राजाकडे सहाच शिपाई

तलवारी आणि जादूटोण्याच्या टुकार इंग्रजी सिनेमांवर माझा जीव आहे. टुकार म्हणजे खरोखरच टुकार. दाराला धक्का लागला की किल्ल्याची भिंत हलते, राक्षसाच्या मानेवर मुखवट्याची शिवण दिसते, आणि 'अफाट सैन्य' म्हणून जे काही चालून येतं त्यात एकच दाढीवाला दोन-तीनदा मरतो. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये खेळ चालवायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी लांबलचक वंशावळी आणि एल्फांच्या भाषा वगैरे भानगडीत पडलो नाही. ह्या सिनेमांवरच कॅम्पेन करायचं ठरवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एकजण डन्जन मास्टर होतो, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नकाशा, सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. अशी एक गोष्ट महिनोन्महिने चालली की ते कॅम्पेन. पुण्यात आम्ही ते सीए मित्राच्या डायनिंग टेबलावर खेळतो. त्याचं घर मोठं आहे, आणि हिशेब ठेवायला तोच बरा.

सिनेमे कुठले, तर मुख्यतः ऐंशीच्या दशकातले. १९८२ साली आर्नल्ड श्वार्झनेगरचा 'कोनन द बार्बेरियन' आला आणि उघड्या अंगाचे, तलवारवाले नायक विकले जातात हे सगळ्यांना कळलं. स्वस्तातल्या सिनेमांचा निर्माता रॉजर कॉर्मन, त्याला तर असं काही कळायचाच अवकाश असे. त्याने अर्जेंटिनातल्या एक्तोर ओलिवेराशी संधान बांधलं आणि तिकडे स्वस्तात एकामागून एक सिनेमे काढले: 'डेथस्टॉकर', 'द वॉरियर अँड द सॉर्सरेस', 'विझर्ड्स ऑफ द लॉस्ट किंगडम', 'बार्बेरियन क्वीन'. ह्यांतले शेवटचे दोन ओलिवेरानेच दिग्दर्शित केले. आणि ह्याच माणसाने १९८६ मध्ये 'नाइट ऑफ द पेन्सिल्स' केला, अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या शाळकरी मुलांवरचा. 'बार्बेरियन क्वीन' आणि हा, दोन्ही पाठोपाठ पाहिले तर माणूस चक्रावतो.

खर्च वाचवायच्या ह्यांच्या युक्त्या हा माझा खास आवडीचा विषय. १९८०च्या 'बॅटल बियॉन्ड द स्टार्स'साठी जेम्स हॉर्नरने केलेलं संगीत कॉर्मनच्या पुढच्या कितीतरी सिनेमांत पुन्हा वाजतं. 'डेथस्टॉकर'च्या दुसऱ्या भागात पहिल्या भागातली दृश्यं बिनदिक्कत घातली आहेत. 'बीस्टमास्टर'मध्ये काळं जनावर हवं होतं, तर वाघालाच काळा रंग दिला.

मी एक नियम स्वतःवर घालून घेतला आणि तो सगळ्यांसमोर जाहीर केला: सिनेमाला जे परवडलं नसतं ते मलाही परवडणार नाही. सीए मित्राने लगेच पानावर रकाने आखले. किल्ला एक. जंगल एक, धुरासकट. घोडे दोन. शिपाई सहा. राक्षसाचा पोशाख एक. म्हणजे राक्षस कुठलाही आला तरी त्याचे आकडे तेच, फक्त एक गोष्ट बदलायची मुभा. शेवाळ चिकटवलं की तो दलदलीतला, राख फासली की स्मशानातला. ह्यातली गंमत सर्वांत आधी कळली ती कॉलेजात एकांकिकांचं बॅकस्टेज केलेल्या मित्राला. दोन लेव्हल आणि एक खोका एवढ्यावर त्याने कधीकाळी राजवाडा, लोकलचा डबा आणि आयसीयू उभा केला होता. तो म्हणाला, "म्हणजे ब्लॅकआऊटमध्ये मी इकडचं तिकडे करायचं, एवढंच ना?"

हे सगळं खेळाची टवाळी करण्यासाठी नव्हतं. मुळात हा खेळच अशा मालावर पोसलेला आहे. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने सांगून ठेवलंय की सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर ओळीने राक्षसांचे सिनेमे बघत, पॉपकॉर्न खात बसलेलं असताना त्याला ब्लॅकमूरची, म्हणजे त्याच्या खेळातल्या काल्पनिक जगाची, कल्पना सुचली. त्याच ब्लॅकमूरमध्ये एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन इतका डोईजड झाला, की त्याला आवरायला सिनेमातल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यासारखं एक पात्र आणावं लागलं. खेळातला 'क्लेरिक', म्हणजे लढणारा पुरोहित, तो हाच. पुढे आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स ह्यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आणला. घुबडाच्या तोंडाचं अस्वल म्हणजे आउलबेअर, लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर, हे ह्या खेळातले मानाचे प्राणी. गायगॅक्सला ते सापडले हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पिशवीत. तेव्हा पुठ्ठ्याच्या किल्ल्याला कुणी नाक मुरडू नये.

एका बाबतीत मात्र हे सिनेमे आहेत तसे घेता येत नाहीत. 'डेथस्टॉकर' आणि 'बार्बेरियन क्वीन'मध्ये बायकांवरचे अत्याचार करमणूक म्हणून येतात, तेही पुन्हा पुन्हा. माझ्या मावसबहिणीने पहिल्याच बैठकीत, पात्रं बनवायच्या आधी, स्पष्ट सांगितलं, "हे टेबलावर येणार असेल तर मी घरी जाते." आलं नाही. ते काढलं तरी गोष्टीचं काही बिघडलं नाही. जादूगाराला वाईट ठरवायला दुसरी हजार कारणं असतात.

कथानक 'द वॉरियर अँड द सॉर्सरेस'वरून उचललं. १९८४चा हा डेव्हिड कॅराडाइनचा सिनेमा म्हणजे कुरोसावाच्या 'योजिम्बो'ची उघड नक्कल. वाळवंटातल्या गावात एकच विहीर, तिच्यावरून भांडणारे दोन सरदार, आणि दोघांनाही खेळवणारा एक परका योद्धा. चोरीच्या मालाची चोरी, त्यामुळे मनाला काही लागलं नाही. मला वाटलं होतं सगळे तलवारी उपसतील. पण विहीर आणि दोन गट म्हटल्यावर आमच्या लोकांच्या अंगात गाव संचारलं. पाण्याच्या पाळ्या कुणी ठरवल्या? कागद आहे का? खालच्या आळीला किती तास? "टँकर कोण पुरवतो ते बघ आधी, तोच खरा व्हिलन असणार," असं सीए म्हणाला. ते मी निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

खरी मजा आली ती दुसऱ्या सरदाराच्या वाड्याच्या दारात. पहारेकऱ्याचं वर्णन करताना मी सवयीने म्हणालो, भुवई तुटलेली, डाव्या पायाने किंचित लंगडतोय. मावसबहिणीचा हात हवेतच थांबला. "एक मिनिट. पहिल्या सरदाराच्या पुलावर आपण ज्याला मारलं, तोही लंगडत होता ना?"

माझ्याकडे शिपाई सहाच होते, दुसरं काय कारण असणार? पण सिनेमा आणि खेळ ह्यांत हा मोठा फरक आहे. सिनेमात तोच दाढीवाला पुन्हा दिसला की आपण हसतो आणि पुढे बघतो. खेळात मात्र समोरचा उठून त्या दाढीवाल्याला विचारू शकतो. मी म्हटलं, टाक फासा. सतरा पडले.

"तू पुलावर मेला होतास ना रे?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

मला त्या क्षणी जे सुचलं ते मी त्याच्या तोंडी घातलं. "पडलो होतो ताई. मरायचे पैसे वेगळे असतात."

मग टेबलावर कोण कुणाचं ऐकतंय! पाचच मिनिटांत त्यांनी सगळा उलगडा केला. पंचक्रोशीत धडधाकट पुरुष उरलेत सहा. तेच सकाळी एका सरदाराकडे, संध्याकाळी शिरस्त्राण बदलून दुसऱ्याकडे. दोन्ही सैन्यं एकच. म्हणजे युद्ध कधी होऊच शकत नाही, आणि दोघे सरदार एकमेकांच्या 'अफाट सैन्या'ला घाबरून किल्ला सोडत नाहीत. ह्यातलं एक अक्षर मी आधी ठरवलेलं नव्हतं. मी फक्त माना डोलावत होतो आणि आतून चाट पडलो होतो.

त्यापुढे तलवारबाजीत कुणालाच रस उरला नाही. आमच्या शूरवीरांनी सहा शिपायांची युनियन केली. पगार दोन्हीकडे थकला होता; सीएने अर्थातच तेच पहिल्यांदा विचारलं. इथे कामाला आला तो ग्लायडरचा नियम. 'एटर'च्या दुसऱ्या भागात नायक अचानक चक्क हँग-ग्लायडरवरून उडत येऊन किल्ल्यावर बॉम्ब टाकतो. ते यंत्र त्या युगात आलं कुठून, हे कुणी विचारायचं नाही. तसंच आमच्याकडे प्रत्येक खेळाडूला बैठकीत एकदाच एक अशक्य वस्तू काढायची परवानगी होती. मला अपेक्षा बॉम्बची होती. सीएच्या जादूगाराने झोळीतून पावतीपुस्तक काढलं, कार्बनसकट. दोन्ही सरदारांनी सहा शिपायांच्या पगाराच्या पावतीवर सही केली, वरची प्रत एकाची, खालची दुसऱ्याची. ती दोघांना एकाच वेळी वाचून दाखवल्यावर जे झालं त्याला लढाईच म्हणायला हवं, पण रक्त सांडलं नाही.

भाग एक तिथे संपला. भाग दोनच्या तोंडावर आमचा थॉरगॉन, म्हणजे मुख्य योद्धा खेळणारा मित्र, नोकरीसाठी श्टुटगार्टला गेला. कॅम्पेन बहुधा अशाच वेळी बंद पडतात. पण माझ्याकडे 'डेथस्टॉकर'चा दाखला होता. पहिल्या भागात नायक रिक हिल, दुसऱ्यात जॉन टर्लेस्की, तिसऱ्यात जॉन ॲलन नेल्सन, आणि पडद्यावर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आम्ही मित्राच्या धाकट्या भावाला थॉरगॉनच्या खुर्चीत बसवलं. नाव तेच, तलवार तीच, फक्त मूळचा घुमा थॉरगॉन आता सारखा बोलायला लागला. गावकऱ्यांपैकी कुणालाही ते खटकलं नाही, तसा नियमच केला होता.

डिसेंबरच्या सुट्टीत थोरला परत आला आणि म्हणाला, चौथ्या भागात रिक हिल परत आला होता. ते खरंच आहे. धाकटा उठायला तयार नव्हता. शेवटी बॅकस्टेजवाल्याने तोडगा काढला: संवाद थोरल्याचे, मारामारी धाकट्याची, म्हणजे एक क्लोजअपला आणि एक डबल. सीएने ताबडतोब नियम केला की डबलला निम्मे हिट पॉइंट, म्हणजे निम्माच जीव. पहिल्याच चकमकीत धाकट्याला डुक्करतोंड्या राक्षसाचा भाला बसला. थोरला शांतपणे म्हणाला की क्लोजअपमध्ये जखम दिसत नाहीये, त्यामुळे त्याचे पॉइंट पूर्ण आहेत. दोघांच्या कॅरेक्टर शीटवरचे आकडे अजूनही जुळत नाहीत. थोरला जर्मनीला परत जाताना आपली शीट बरोबर घेऊन गेलाय.