खळ्यावरचं नाटक

भात झोडून घरात आलं की आमच्या कळंबोलीत तालमी सुरू व्हायच्या. घरटी दोन पायल्या तांदूळ वर्गणी. त्यातून पनवेलहून रंगवलेले पडदे भाड्यानं आणायचे. ज्या खळ्यावर भात झोडलं, तिथंच बैलगाड्या उभ्या करून वर दारं-फळ्या टाकल्या की झाला रंगमंच. बाया-माणसं कापलेल्या शेतात पेंढा पसरून बसायची.

१९६८ साली मी चौदा वर्षांचा होतो. नाटकात बाईचं काम पोरानंच करायचं, आणि त्या साली पाळी माझ्यावर आली. बाबा कडाडले, "आपला पोऱ्या लुगरा नेसनार?"

नाटकाची वही काकांकडे असे. पडद्याआडून वाक्यं तेच सांगत. ते म्हणाले, "बालगंधर्व जल्मभर लुगरा नेसले, सरकारनं त्यांना पद्मभूषण दिला. तुजा पोऱ्या कोन लागून गेला?" हे मात्र खरं होतं, १९६४ सालीच तो किताब त्यांना मिळाला होता. आई काही बोलली नाही. तिनं पेटीतून लग्नातलं हिरवं लुगडं काढून ठेवलं.

नाटक सावकारानं शेत गिळलेल्या घराचं. मी घरधनीण. सावकाराचे पाय धरायच्या वेळी नेमकी काकांजवळची बत्ती फडफडून विझली. वही दिसेना, वाक्य येईना. मग आई आषाढात कणगी खरवडताना जे पुटपुटायची, तेच मी बोलून गेलो, "पोरांना काय माती चारू?" सगळं शेत गप्प झालं. पेंढ्याच्या उडवीमागं कुणीतरी खाकरलं. ते बाबा होते. सकाळी ते लुगडं त्यांनीच घडी घालून आईच्या हातात दिलं.

पुढं १९७० साली नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमच्याकडेही कागद आला. रात्री बाबांनी मला विचारलं, "त्या नाटकान शेवटी शेत परत मिललं व्हतं ना रं?" मी हो म्हणालो.

आता त्या अंगाला लोखंडाचा बाजार आहे. नाटकं काही वर्षं मांडवात झाली, पण सुगी गेली तशी तांदळाची वर्गणी गेली, आणि गडी पाळीवर कामाला जाऊ लागल्यावर तालमीला रात्रही उरली नाही. पनवेलच्या नाट्यगृहात मी जातो. खुर्च्या मऊ आहेत.

दोन वर्षांपूर्वी मात्र गडचिरोली जिल्ह्यात वडशाला गेलो. त्या झाडीपट्टीत धान निघालं की नाटकं सुरू होतात. गावोगावच्या मंडईला, शंकरपटाला नाटक लागतंच. तिथल्याच परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. वडशात नाटक मंडळ्यांच्या पाट्या दुकानांसारख्या लागलेल्या. जवळच्या गावी शेतात मांडव होता. रात्रभर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं अर्धं कांबळं माझ्या अंगावर टाकलं. पडदा पडला तेव्हा फटफटलं होतं. मी खालचा पेंढा हातात घेऊन बघत होतो, तर तो म्हणाला, "तुमच्याकडे धान होते का जी?"

"व्हायचं," मी म्हणालो.