टीव्ही नसलेल्या घरातला व्हिडिओ गेम

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला जरा समजावून सांग. घरातला टीव्ही बंद पडलाय आणि हा हप्त्यावर नवा घेऊ म्हणतो. कशासाठी, तर गेम खेळायला!"

भाच्याने सुट्टीत एका दुकानात काम केले होते. त्या पैशांतून त्याने कुणाचा तरी वापरलेला प्लेस्टेशन-४ विकत आणला. आठच दिवसांत घरातल्या टीव्हीचा पडदा काळा पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनेल गेले, खर्च करण्यात अर्थ नाही. आता पोराचा डबा कपाटावर धूळ खात पडलेला, आणि नव्या टीव्हीचे हप्ते जाणार आईच्या पगारातून. बहीण अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचा पगार तो केवढा!

फोन ठेवला आणि आम्हाला १९९३ साल आठवले.

तेव्हा आम्ही सातवीत होतो. वरळीच्या बीडीडी चाळीत एक खोली, १६० चौरस फुटांची, आणि तीत आम्ही पाच माणसे. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे ते वॉचमनची ड्युटी करीत आणि आई एका मोठ्या इमारतीत धुणीभांडी करी. त्या घरच्या मुलाला नवा व्हिडिओ गेम मिळाला म्हणून जुना टाकायला काढला होता. आईने मागितला नव्हता. बाईनेच पिशवीत घालून दिला.

एक डबा, दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला त्या काळी आपल्या बाजारात मिळत. आमचा डबा त्यांतलाच. कॅसेटमध्ये मारिओ होता, कॉन्ट्रा होता, बदके मारायचा खेळही होता. फक्त घरात टीव्ही नव्हता.

अशा यंत्राला स्वतःचा पडदा नसतो. चित्र आणि आवाज ते तयार करते आणि वायरीतून पुढे पाठवते. ती वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची, चॅनेल जुळवायचे, तेव्हा कुठे खेळ दिसतो. आमच्याकडे वायरीचे दुसरे टोक जमिनीवर लोळत असे. बटण दाबले की डब्यावरचा लाल दिवा लागे, आणि तेवढ्यावरच आमचा खेळ सुरू होई.

मारिओ आम्ही शाळेतल्या मित्राकडे पाहिलेला. म्हणून रिमोट हातात धरून भिंतीकडे तोंड करून बसायचे, बटणे दाबायची आणि शेजारी बसलेल्या बहिणीला सांगत जायचे: आता खड्डा आला, मारली उडी, आता कासव आले. ती विचारायची, "आता कुठे गेला?" आम्ही भिंतीवर बोट दाखवायचो. तिला ते दिसत असे की नाही, कोण जाणे! पण खेळ संपला म्हटले की ती रुसायची, एवढे खरे.

हे ऐकून शेजारच्या चाळीतले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे आणा की, टीव्ही आहे." आम्ही नाचतच गेलो. पहिल्या दिवशी त्यांचा मुलगा खेळला, आम्ही उंबऱ्याजवळ बसलो. दुसऱ्या दिवशी तोच खेळला. आमची पाळी आली की त्याची आई म्हणे, "पुरे आता, पिक्चर ट्यूब उडेल." तिसऱ्या दिवशी आम्हाला सांगण्यात आले की रोज ने-आण कशाला करता, राहू द्या इथेच. आणि नंतर एके दिवशी दारातच उत्तर मिळाले, "आज नको, पाहुणे आलेत." आतून मारिओच्या उडीचा आवाज येत होता.

आम्ही रडत घरी आलो. आईने काही विचारले नाही. पदर खोचला, त्या घरी गेली आणि डबा घेऊन आली. तिने भांडण केले नाही, मोठा शब्द काढला नाही. एवढेच म्हणाली, "वस्तू आपली असून दारात उभं राहायचं नाही. त्यापेक्षा भिंत बरी."

आईच्या त्या बोलण्याने आमचे पुढचे आयुष्य घडले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही.

आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत तो घेतलेला. मंडळाचे काम पाहणाऱ्या काकांच्या कानावर ही हकीकत गेली. त्यांनी रीतसर बैठक बोलावली. एका डब्यासाठी बैठक! काहींनी विरोध केला. मुले बिघडतील, वंदनेला येणार नाहीत, मंडळ काय खेळाचा अड्डा आहे काय, असे मुद्दे निघाले. ते अगदीच चुकीचे नव्हते. शेवटी काकांनी तोडगा काढला. रविवारी आधी त्रिशरण-पंचशील, मग एक तास अभ्यास, मग एक तास खेळ. मारिओला एका डावात तीन जीव असतात. प्रत्येक मुलाला एकच जीव, तो गेला की रिमोट पुढच्याच्या हातात. आणि पाळीसाठी वही.

वही आमच्याकडे दिली गेली. पुढे बीकॉम केले, कारकून झालो, पण आमची कारकुनी खरी सुरू झाली ती त्या वहीपासून. पहिल्या रविवारी आम्ही फक्त मुलग्यांची नावे लिहिली होती. बहिणीने वही ओढली आणि विचारले, "माझं नाव कुठाय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. काकांनी वही मागवली आणि बजावले, "आधी मुलींची नावं लिही, मग खेळ." त्या दिवशी आम्हाला लाज वाटली. आठ दिवसांपूर्वी आम्हाला उंबऱ्यावर बसवणाऱ्यांचा राग आला होता, आणि आम्ही तरी दुसरे काय केले होते?

आणि गंमत अशी की एका जिवात सगळ्यांत लांब जायची ती आमची बहीणच. भिंतीवरच्या मारिओने तिची तालीम करून घेतली होती!

तर त्याच बहिणीचा हा फोन. आम्ही रविवारी तिच्या घरी गेलो. भाचा गाल फुगवून बसलेला. त्याला आम्ही विचारले, "अरे, कॅसेट बदलून नवा खेळ लावायची युक्ती घराघरात कुणी आणली, ठाऊक आहे?" त्याला ठाऊक नव्हते. आम्हालाही चाळिशीत आल्यावरच समजले. अमेरिकेत १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने चॅनेल एफ नावाचे यंत्र बाजारात आणले. घरच्या यंत्रात खेळाची कॅसेट बदलता येण्याची सोय पहिल्यांदा त्यात झाली. ते तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते जेरी लॉसन, एक कृष्णवर्णीय इंजिनिअर. जन्म १९४० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. कॉलेजची पदवी पूर्ण झालेली नव्हती. शाळेत पहिलीच्या वर्गात त्यांच्या बाकाजवळ भिंतीवर एक फोटो होता आणि बाईंनी सांगितले होते की तूही असा होऊ शकतोस. तो फोटो होता जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा. गुलामीत जन्मून शास्त्रज्ञ झालेल्या कार्व्हरांना वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे मराठी वाचक चांगले ओळखतात. घरातल्या भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

भाचा ऐकत होता. मग आम्ही कामाचे बोललो. प्लेस्टेशनला टीव्हीच हवा असे नाही, पडदा हवा. आमच्या अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर बंद पडला आहे, पण त्याचा मॉनिटर चांगला आहे आणि त्याला एचडीएमआयची खाच आहे. तीच वायर, तीच जोडणी. निळ्या प्लगची जुनी व्हीजीए खाच असती तर मधे कन्व्हर्टर लागला असता. अट एकच, डबा अभ्यासिकेत आणायचा, रविवारी, अभ्यासानंतर.

"पण मामा, तो माझा आहे. सगळे हात लावतील, खराब करतील."

आम्ही बोलण्याआधी बहीणच बोलली. तिने त्याला भिंतीची गोष्ट सांगितली. उंबऱ्याचीही सांगितली. आम्हाला वाटले होते, ती तेव्हा लहान होती, विसरली असेल. ती काहीही विसरली नव्हती.

पुढच्या रविवारी भाचा डबा घेऊन आला. समितीची परवानगी आम्ही आधीच काढली होती. वायर जोडली, चित्र आले, आवाज नाही! मॉनिटरला स्पीकरच नव्हता. मुलांचे चेहरे पडले. मग भाच्याने इअरफोनची पिन रिमोटच्या खाचेत घातली, सेटिंगमध्ये जाऊन सगळा आवाज इअरफोनकडे वळवला, आणि काम झाले. ज्याचा डाव त्याच्या कानात आवाज, बाकीच्यांचा गोंगाट फुकट. टीव्हीचे हप्ते वाचले ते वाचलेच.

वही कुणी धरायची हा प्रश्न आला. आम्ही ती भाच्याकडे दिली. त्याने पहिल्या पानावर मुलींची नावे आधी लिहिली. कुणी सांगितले होते कोण जाणे. आणि सर्वांत वर नाव होते त्याच्या आईचे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या हौसेपायी कर्ज काढू नका, आणि परवडत नाही म्हणून ती हौस मारूनही टाकू नका. एकाच्या घरी डबा असतो, दुसऱ्याच्या घरी पडदा असतो. दोन्ही एकत्र आणायला चार माणसे, एक खोली आणि एक वही लागते. तेवढे तर आपल्या प्रत्येक वस्तीत आहेच.

जयभीम!