मलंगगडाच्या पायऱ्या

पाऊस ओसरला की डोंबिवलीच्या गच्च्यांवरून मलंगगड इतका लख्ख दिसतो, की हात लांबवला तर कातळाचा ओलावा बोटांना लागेल. एरवी तो बांधकामांच्या धुळीत विरलेला.

कल्याणची बस पायथ्याशी सोडते. मग गुलाबाच्या पाकळ्या, चादरी, नारळ, भज्यांच्या तळणाचा वास, पुढच्याच्या पाठीवरचा घाम, खांद्यांच्या ठेक्यावर करकरत जाणारी एखादी डोली, असं सारं एकाच चिंचोळ्या वाटेवर एकमेकांना घासत वर सरकत राहतं आणि वाटेतल्या ‘पहिल्या सलामी’च्या थांब्यापर्यंत पोचता पोचता बोलणं आपसूक गळून पडतं. उरतो श्वास.

श्वासाला कुठलं आडनाव? कोणी हाजी अब्दुल रहमान बाबांच्या दर्ग्याकडे निघालेलं, कोणी मच्छिंद्रनाथांच्या समाधीला. जागा कुणाची, यावर खाली कोर्टकज्जे चालतात; इथे आधी पाण्याची बाटली पुढे होते. येमेनहून आलेल्या या बाबांची कथा डोंगरावर दंतकथेतल्या नळ राजाला जाऊन भिडते, आणि देवस्थानाचं विश्वस्तपद पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकरांकडे. 1780 मध्ये इंग्रजांनी गडाची खालची पीरमाची घेतली, वरचा गड मात्र दाद देईना. त्या तोफांचा धूर कातळाने कुठे जिरवला कोण जाणे. आता धूर उदाचा, निळसर, रेंगाळणारा, कपड्यांत शिरून घरापर्यंत सोबत येणारा.

दर्शन क्षणभराचं. मागून रेटा येतो, डोळे मिटायच्या आत पुढे व्हावं लागतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. मागायचं ते वाटेतच कुठेतरी मागून झालेलं असतं, पोटऱ्या भरून आल्यावर, कठड्याला टेकून, खाली दाटीवाटीचं अंबरनाथ-कल्याण नुसतं पांढुरकं होत जाताना बघत. आता फ्युनिक्युलरचे रूळही डोंगर चढलेत. थकल्या गुडघ्यांसाठी ते हवेच होते. मला मात्र पायऱ्याच बऱ्या.

उतरताना पाय लटपटतात. वर येणारी एक आजी थांबते, पदराने कपाळ टिपते.

"अजून किती रे?"

उतरणारा प्रत्येक जण इथे एकच उत्तर देतो, आणि ते साफ खोटं असतं. सकाळी मलाही ते मिळालं होतं.

"आलंच की, आजी. त्या वळणापुढे."

"दरवर्षी हेच सांगता मेल्यांनो," ती हसते, आणि कठडा धरून पुढची पायरी चढते.